मान सरळ, हनुवटी खाली

गल्लीतली पोरं त्यांना 'मानसरळ' म्हणायची, इस्पितळातली माणसं 'फोटोवाले मामा' म्हणायची, आणि बायको काहीच म्हणायची नाही, कारण तिचं नुसत्या खाकरण्यावर भागायचं. यातलं पहिलं नाव मामांनी स्वतःच्या कर्तबगारीवर कमावलेलं होतं. पंचवीस-तीस वर्षं एकच वाक्य म्हणणाऱ्या माणसाला पोरं दुसरं काय नाव ठेवणार? स्टुडिओत गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं रे टेकलं, की कॅमेऱ्यामागून आवाज यायचा, "मान सरळ, हनुवटी किंचित खाली." हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की दाढीला खुर्चीत बसल्यावर ते न्हाव्याच्या आधी स्वतःलाच तसं बजावायचे. एकदा एका लांबच्या चुलत्याचा अखेरचा फोटो काढायला त्यांना बोलावलं होतं. तिथेही सवयीनं तेच तोंडातून निघून गेलं, आणि जमलेल्या माणसांना रडू आवरावं की हसू, ते कळेना. मामा मात्र ओशाळले नाहीत. चुलत्याची मान खरोखरच कलली होती, असं त्यांचं म्हणणं होतं.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली, तिच्या पाठीमागे फोटो धुण्याची अंधारी खोली आणि मध्ये एक जाड पडदा. मामांचा हात चांगला होता, आणि चांगला म्हणजे नेमका कशात, तर लपवण्यात. एक गाल बसका असला तर उजेड त्या बाजूनं टाकायचा. नाक वाकडं असलं तर चेहरा बोटभर वळवायचा. डोळा तिरळा असला तर माणूस पापणी मिटून उघडतो त्या क्षणाची वाट बघायची, कारण उघडल्याउघडल्या डोळे निमिषभर सरळ असतात, हे मामांना अनुभवानं ठाऊक झालं होतं. एवढं करून काही उरलंच, तर निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायची. आपल्याकडून गेलेल्या फोटोत कुणीही वाईट दिसता कामा नये, हा त्यांचा बाणा होता. नोकरीच्या अर्जासाठी फोटो नेणारे खूश होऊन जायचे. पुढे मुलाखतीत साहेब फोटोकडे आणि आपल्याकडे आळीपाळीनं का बघतो, ते त्या बिचाऱ्यांना कळत नसे.

तान्ह्या मुलांची गोष्ट वेगळी. ती काही स्टुलावर बसत नाहीत. मग मागे कुणीतरी काळं कापड अंगावर घेऊन दडायचं आणि कापडातूनच बाळाला धरायचं, म्हणजे फोटोत नुसतं बाळ दिसतं आणि मागे काळोख. स्टुडिओत हे काम बायकोचं. मामा पुढून सांगत, थोडं उजवीकडे, थोडं वर, आणि ती आतून तसं तसं करायची. उन्हाळ्यात त्या कापडाखाली ती घामानं निथळायची, पण तिनं धरलेलं बाळ फोटोत कधी हललं नाही.

पुढे हरेकाच्या खिशात फोन आला आणि फोनात कॅमेरा आला. स्टुडिओत माश्या मारायची वेळ आली. तेव्हा मोठ्या इस्पितळात एक नवीन विभाग निघाला होता आणि त्यांना फोटो काढणारा माणूस हवा होता. मामा सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथे चिकटले. बायकोनं त्यांना नवा सदरा घेतला आणि मोठ्या डॉक्टरांना तोंड वर करून उत्तरं देऊ नका, असं बजावून पाठवलं.

तो विभाग होता जन्मतःच डोक्याची किंवा तोंडाची ठेवण बिघडलेल्या मुलांचा. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, जिथे आधी चादरी ठेवत, ती खोली मामांना मिळाली. एक निळा पडदा, दोन दिवे, एक स्टूल आणि हात धुवायचं भांडं. पहिल्या दिवशी त्यांनी सहा मुलांचे फोटो काढले आणि घरी येऊन ताट बाजूला सारलं. एकाचं तोंड ओठापासून डोळ्यापर्यंत फाटलेलं होतं. एकाचे डोळे इतके बाहेर आलेले की झोपेतही पापण्या मिटत नसत. बाकीच्यांची डोकीच चुकीच्या दिशेला वाढलेली. बाळाच्या कवटीचे तुकडे सुटे असतात, त्यांच्यामध्ये फटी असतात, आणि मेंदू वाढेल तशा त्या फटी जागा देत जातात, हे मामांना तिथे गेल्यावर कळलं. एखादी फट जन्माआधीच बुजली, की त्या बाजूची वाढ खुंटते आणि डोकं जिकडे जागा मिळेल तिकडे सरकतं. मग सर्जन या कानापासून त्या कानापर्यंत कातडी उघडतात, कपाळाचं हाड काढून घेतात, टेबलावर ठेवून त्याला नीट आकार देतात आणि परत बसवतात. ऐकताना मामांनी नकळत स्वतःचं कपाळ चाचपलं. पण तीन महिन्यांनी त्यातलंच एक पोर पुन्हा फोटोला आलं, आईच्या कडेवरून त्यांच्या चष्म्याला हात घालायला लागलं, तेव्हा त्यांना वाटलं की आपण भल्या जागी आलो.

फोटो कशाला लागतात, हे मात्र त्यांना कुणी धड समजावून सांगितलं नाही. सांगायला वेळ कुणाला होता? मोठे डॉक्टर त्या दिवसांत महिन्यातून दोनच दिवस यायचे. एरवी एक शिकाऊ डॉक्टर मुलं तपासायचा आणि फायली भरून ठेवायचा. मोठे डॉक्टर आले की आधी फायली चाळायचे, एक्स-रे बघायचे, फोटो बघायचे आणि कुणाला आधी घ्यायचं, कुणाला थांबवायचं ते ठरवायचे. मुलं वीस असायची आणि ऑपरेशनं चारच व्हायची. मामांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की ही लेकरं आहेत, त्यांच्याकडे लोक टक लावून बघतात, आणि निदान आपल्या फोटोत तरी ती बरी दिसावीत. म्हणून त्यांनी आपली सगळी विद्या तिथे ओतली. बसक्या बाजूला उजेड, फुगीर बाजूला सावली.

त्याच वर्षी सात महिन्यांची एक मुलगी आली. आई खोक्यांच्या कारखान्यात कामाला, वडील मालाची गाडी चालवणारे. त्या दिवशी आई एकटीच आली होती. मुलीच्या कपाळाची उजवी बाजू चपटी होती, उजवी भुवई वर ओढल्यासारखी, नाकाचं मूळ जरा तिरकं. आणि मान सदा डाव्या खांद्याकडे कललेली. मामांनी काळं कापड आईच्या अंगावर टाकलं, तिला मागे बसवलं आणि कानांच्या मागे दोन्हीकडून बोटं लावून मान सरळ धरायला सांगितलं. तिनं धरली, तशी मुलगी चिडली. कापडाखालून आईचा आवाज आला, की ती मान अशीच धरते, सरळ केली की रडते. मामा म्हणाले, एकच क्षण. आईनं पुन्हा धरली. मुलीचा उजवा डोळा वर सरकला. आई पुन्हा म्हणाली, मामा, तिला सरळ सोसत नाही हो. मामांनी दिवा जरा पुढे ओढला आणि म्हणाले, "धरा ताई, घट्ट धरा. बाळ छान दिसायला हवं ना?"

मुलीनं रडताना पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि नेमक्या त्या क्षणी मामांनी बटण दाबलं.

फोटो असा आला की मामा स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. मान सरळ, डोळे सरळ, उजव्या कपाळावर मऊ उजेड. कोण म्हणेल हिला काही झालंय? त्यांनी एक प्रत फाइलला लावली आणि नियम मोडून एक आईला दिली. आईनं तो फोटो पदराला पुसला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली की आमच्या घरात हिचा हा पहिलाच फोटो. आजवर कुणी काढलाच नव्हता.

शिकाऊ डॉक्टरनं फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या होत्या. एक्स-रे काढताना मुलगी हलली होती, त्यामुळे तो पुसट होता. मोठ्या डॉक्टरांनी त्या महिन्यात फोटो बघितला आणि वर लिहिलं, 'सौम्य. मान व डोळे सरळ. घाई नाही, सहा महिन्यांनी दाखवावे.' सहा महिन्यांनी मुलीला कांजिण्या झाल्या. मग बापाच्या गाडीला अपघात झाला आणि तो चार महिने अंथरुणावर होता. घाई नाही म्हटल्यावर कोण घाई करणार? ती परत आली तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. या वेळी मोठ्या डॉक्टरांनी तिला हातात घेऊन बघितलं आणि आठ दिवसांत ऑपरेशन केलं. कपाळ छान बसलं. पण उजवा डोळा तोवर मेंदूनं सोडून दिला होता. एक डोळा वर, एक खाली, दोन दोन चित्रं दिसायची, म्हणून मेंदूनं एकाकडे बघणंच बंद केलं. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुसऱ्याला कामाला लावायचे उपाय झाले, वर्षानुवर्षं झाले, पण त्या डोळ्यानं तिला उजेड, रंग आणि माणसांच्या आकृत्या एवढंच दिसत राहिलं.

मामांना यातलं काही उमगलं नव्हतं. ते उमगलं पुढच्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी. मोठे डॉक्टर तोवर पूर्ण वेळ इथेच आले होते आणि नव्या मुलांना शिकवत होते. मामा भिंतीवर चित्रं दाखवायचं यंत्र लावायला गेले होते आणि तिथेच कोपऱ्यात उभे राहिले. डॉक्टर सांगत होते की एका बाजूची फट बुजली की त्या बाजूच्या डोळ्याचा खळगा सरकतो, डोळ्याचा स्नायू ढिला पडतो, मग मूल दोन चित्रं टाळायला मान कलती करतं. मान वाकडी दिसली की समजा, डोळा धोक्यात आहे, त्या मुलाला आधी घ्या. आणि मान बळंच सरळ केलीत तर ही खूण तुम्हाला दिसणारच नाही. मग त्यांनी चित्र बदललं. भिंतीवर त्याच मुलीचा फोटो आला, मऊ उजेडातला, मान सरळ, डोळे सरळ. डॉक्टर म्हणाले, हिच्या बाबतीत आपण फसलो. कसे फसलो ते मला अजून कळलेलं नाही.

मामांना कळलं होतं. ते कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आले. भिंतीवर मुलीच्या कानामागे, बारीक बघितलं तर, काळ्या कापडाची घडी दिसत होती आणि घडीत दोन बोटांचे उंचवटे होते.

वर्ग सुटल्यावर त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. उजेड, पापणी, कापड, सगळं. डॉक्टरांनी टेबलावरच्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले की मी मूल बघायला हवं होतं, मी चित्र बघून निकाल दिला, तेव्हा चूक माझी आहे. त्या बाईशी मी बोलेन. ते बोलले की नाही, कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी ते दुसरीकडे गेले आणि मामांनी विचारलं नाही. विचारायला तोंड होतं, पण हिंमत नव्हती, असं मी म्हणेन. मामांनी स्वतःशी वेगळी समजूत घातली होती. ते म्हणायचे, सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ताई, मान सरळ धरली म्हणून निदान हुकलं? आणि मान धरली कुणी? तिच्याच बोटांनी. मी हलका होईन आणि तिच्या उरावर धोंडा ठेवून येईन. त्यापेक्षा तिला माहीत नाही तेच बरं. समजूत मोठी सोयीची होती. दया आणि भीती एकाच अंगरख्यात आल्या, की माणूस आरशात फक्त दया बघतो.

काम मात्र त्यांनी बदललं. त्या दिवसापासून मूल खोलीत आलं की आधी काहीही न बोलता, जसं बसेल तसं, त्याचा फोटो घ्यायचा. मग बाकीचे, ठरलेल्या पाच बाजूंचे. उजेड दोन्हीकडून सारखा. काळं कापड त्यांनी घरी नेऊन टाकलं. ते वाक्य तर त्यांच्या तोंडून इस्पितळात पुन्हा कुणी ऐकलं नाही. गल्लीतल्या पोरांना हे कळायचं कारण नव्हतं, ती चिडवतच राहिली. कुणी लांबून 'मानसरळ' म्हणून ओरडलं, की मामा पूर्वी हसून हात दाखवायचे, आता रस्ता ओलांडून पलीकडे जायचे.

मुलगी दरवर्षी तपासणीला यायची आणि फोटोला मामांकडे यायची. मान अजूनही किंचित डावीकडे असायची. ती मोठी बडबडी निघाली. शाळेत आपण मुद्दाम कुठल्या बाकावर बसतो, जिना उतरताना पायरी कशी मोजतो, हे ती मामांना सांगायची. झेल घेता येत नाही, चेंडू कुठे आहे तेच कळत नाही, म्हणून आपण खेळात फक्त गुण मांडतो, हेही तिनं एकदा सांगितलं. मामा हूं हूं करत बटण दाबायचे. आई दाराशी उभी असायची. ती पूर्वी आत यायची, नंतर आत येईनाशी झाली. मामांना वाटलं, मुलगी मोठी झाली म्हणून.

मामांची नोकरी संपायला आठ दिवस होते, तेव्हा त्यांनी हे सगळं पहिल्यांदा बायकोला सांगितलं. नऊ वर्षं एका छताखाली राहून सांगितलं नव्हतं. ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून ऐकत राहिली. मामांनी आपली ती समजूतही सांगितली, की बोटं तिची होती, तिला कशाला दुखवायचं. बायको उठली, कपाटाच्या तळातून जुनं काळं कापड काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

"याच्याखाली वीस वर्षं मी होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं धरायचे. धरणारी मी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. धरणारे तुम्ही होतात."

मग ती परत तांदूळ निवडायला बसली.

रविवारी दुपारी ते मुलीच्या घरी गेले. पत्ता फाइलमध्ये होता. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत एक पलंग, शिवणयंत्र, भिंतीवर शाळेतलं एक प्रशस्तिपत्र. फोटो कुठेच नव्हता. मामांना आत कुठेतरी वाटलं होतं की तो भिंतीवर असेल आणि तो बघूनच आपलं तोंड बंद होईल. आईनं त्यांना पलंगावर बसवलं, पाणी दिलं, मामा आमच्या घरी कसे काय, असं विचारलं. आतल्या खोलीतून बापलेकीच्या बोलण्याचा आवाज येत होता. मामांनी पेला तसाच खाली ठेवला आणि न थांबता बोलत सुटले. थांबलो तर परत सुरू होणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मान का कलायची, फोटोत ती का दिसली नाही, डॉक्टरांनी थांबा असं का लिहिलं. बोलताना ते तिच्या हातांकडे बघत नव्हते.

तिला यातलं नवीन काहीच वाटलेलं दिसत नव्हतं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मान मी धरली होती."

मग तिनं सांगितलं. दुसऱ्यांदा मुलीला घेऊन गेले, तेव्हा तो शिकाऊ डॉक्टर फाइल बघून म्हणाला होता, की फोटोत तर मान सरळ दिसते. तिनं सरळ मनानं सांगून टाकलं, मी मागून धरली होती ना. तो म्हणाला, अहो, धरायला नको होती. एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या मुलाकडे वळला. नवरा शेजारी उभा होता. त्या दिवसापासून घरात तेच. पट्टी बांधताना मुलगी रडली की तेच, चष्मा बदलला की तेच, शाळेतून तक्रार आली की तेच. तो मारत नाही, शिवी देत नाही. नुसता म्हणतो, तुला धरायला कुणी सांगितलं होतं? आणि तिच्याकडे त्याचं उत्तर नसायचं. कारण तिला आठवायचं ते एवढंच, की आपण धरली, आणि फोटो छान आला तेव्हा आपल्याला आनंद झाला होता. त्या आनंदाचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची. तो फोटो तिनं ट्रंकेत साड्यांच्या खाली पालथा ठेवला होता. टाकून द्यायचा धीर झाला नव्हता.

मामा म्हणाले, "सांगणारा मी होतो, ताई. तुम्ही नको म्हणत होतात. दोनदा म्हणालात."

ती एकदम त्यांच्याकडे बघायला लागली.

"मी म्हटलं होतं?"

तिला ते आठवतच नव्हतं. दहा वर्षं दोष घोटून घोटून तिच्या डोक्यात फक्त बोटं उरली होती, आवाज पुसून गेला होता. मामांनी तिला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती मान अशीच धरते, सरळ केली की रडते. आणि दुसऱ्यांदा, तिला सरळ सोसत नाही. ते शब्द मामा रोज ऐकत आले होते, त्यांना ते विसरणं शक्यच नव्हतं.

आई पलंगाच्या कडेला हात टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? मामांनी खरं ते सांगितलं. ऑपरेशननंतरच्या वर्षी.

"म्हणजे नऊ वर्षं," ती म्हणाली. "दरवर्षी मी तुमच्या दाराशी उभी राहत होते. आत यायला मला तोंड नव्हतं, म्हणून बाहेर उभी राहत होते. आणि तुम्ही आतून मला बघत होतात."

मामांना वाटत होतं की आपण तिच्या उरावर धोंडा ठेवायला नको म्हणून गप्प बसलो, आणि धोंडा तर तिथे पहिल्यापासून होता. उचलायला एक माणूस होता, तो निळ्या पडद्यासमोर दिवे लावत होता. त्यांना क्षमा मागायची होती, ते शब्द घरून जुळवून आणले होते, पण आता ते काढायची त्यांची हिंमत झाली नाही.

आतून मुलीचा हसण्याचा आवाज आला. आईनं तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली की गेल्या महिन्यात भांडताना तीही म्हणाली. बापाचं ऐकून ऐकून. माझा डोळा तुझ्यामुळे गेला, असं म्हणाली. मग रात्रभर माझ्या कुशीत येऊन झोपली, पण म्हणाली ते म्हणालीच.

"उठा," ती म्हणाली. "हे सगळं आत येऊन सांगा. त्यांच्यासमोर आणि तिच्यासमोर. आत्ता सांगितलंत तसंच."

मामा उठले. आतल्या खोलीत बाप खुर्चीवर बसून मुलीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत होता आणि ती त्याच्या पायाशी बसून दोरा ओवत होती. मान डावीकडे कलती, सुई डोळ्यासमोर अगदी जवळ. मामांना बघून ती खूश झाली आणि इथे फोटो काढायला आलात का, असं तिनं विचारलं. मामा उभ्यानंच बोलायला लागले. या वेळी शब्द मागेपुढे होत होते. एक-दोनदा ते अडले तेव्हा दारातून आईनं फक्त पुढे, असं म्हटलं. त्यांनी काही गाळलं नाही. दिवा कुठे ठेवला तेही सांगितलं. बापाच्या हातातली सुई थांबली होती.

मामांचं बोलणं संपल्यावर मुलीनं विचारलं, "मग आई काय करत होती?"

"ती मला नको म्हणत होती," मामा म्हणाले. "दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही."

मुलगी आईकडे बघत राहिली. बापानं सुई पट्ट्यात खोचून ठेवली, दप्तर खाली ठेवलं आणि खुर्चीवरून उठला. आई अजून दारातच उभी होती, चौकटीला टेकून. त्यानं खुर्ची उचलली, दारापर्यंत नेली आणि तिच्याजवळ ठेवली. ती बसली. मामांना कुणी बसा म्हणालं नाही, आणि ते तसेच उभे राहिले.